कामगार संघटना : उपचार, दुष्परिणाम आणि आपण

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मित्रांनी विषयाची मोकळीक दिली होती. बालरोगतज्ज्ञाकडून लसीकरण, स्तनपान किंवा पावसाळ्यातील अतिसार यांपैकी एखाद्या विषयावर चार पाने येतील, अशी त्यांची अपेक्षा असणार. कामगार संघटनांचे फायदे-तोटे हा विषय एका बालरोगतज्ज्ञाने का निवडावा, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रथम त्याचे कारण सांगतो.

खानवेलच्या पुढे, मधुबन धरणाच्या जलाशयाकाठी दुधनी हे गाव आहे. पर्यटकांना ते नौकाविहारामुळे ठाऊक असते. आम्हां सिल्वासाच्या डॉक्टरांना ते तेथून येणाऱ्या रुग्णांमुळे ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी त्या भागातील एका वारली जोडप्याचे दहा महिन्यांचे मूल तीव्र न्यूमोनियाने माझ्याकडे दाखल झाले. बाप सिल्वासाजवळच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता. दिवसभर तो मुलाच्या उशाशी बसे आणि संध्याकाळ झाली की रात्रपाळीला निघून जाई. मुलाला प्राणवायू चालू असतानाही त्याने खाडा केला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला थोडे रागानेच विचारले. तेव्हा कळले की सलग तीन खाडे झाले की नाव कमी होते, आणि नाव कमी झाले की पुन्हा लागण्यासाठी मुकादमाच्या पाया पडावे लागते. त्याच यंत्रावर तो सहा वर्षे काम करीत होता. परंतु ठेकेदार दर काही महिन्यांनी बदलत असल्याने कागदोपत्री तो नेहमीच 'नवा' होता. नियुक्तिपत्र नव्हते, पगाराची पावती नव्हती. मागील वर्षी अकराजण मिळून याविषयी बोलायला गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांतील तिघांना फाटकातूनच परत पाठवण्यात आले. मुलाच्या आजाराचे प्रमाणपत्र देतो, ते दाखवून दोन दिवसांची रजा माग, असे मी त्याला सुचवले. त्यावर तो एवढेच म्हणाला, "साहेब, माझे नाव कोठे लिहू नका."

मूल बरे झाले. परंतु ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. प्रतिजैविकाची मात्रा मी वजनावरून काढू शकतो. बापाला मुलाजवळ दोन रात्री बसू देणारे औषध माझ्या कपाटात नाही. ते ज्या गोष्टीतून मिळू शकते, तिला आपण कामगार संघटना म्हणतो. ती गोष्ट निर्दोष नाही, हेही मला माहीत आहे. कोणत्याही परिणामकारक औषधाप्रमाणे तिचे गुण आहेत, दुष्परिणाम आहेत, आणि चुकीच्या हातात ती पडली तर घातही होतो. या लेखात ती तशीच तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

एकट्याची मागणी आणि सर्वांची मागणी

संघटनेचे मूळ तत्त्व अगदी साधे आहे. मालकाजवळ एक कामगार गेला नाही तर दुसरा असतो. कामगाराजवळ मात्र पोट एकच असते. या विषमतेमुळे दोघांमधला करार कागदावर बरोबरीचा दिसला तरी प्रत्यक्षात बरोबरीचा नसतो. एकटा कामगार 'नाही' म्हणू शकत नाही. शंभरजण एकत्र आले की त्यांना तसे म्हणता येते, आणि मगच बोलणी सुरू होतात.

हा 'नाही' म्हणण्याचा अधिकार कधी कधी जिवावरच येऊन ठेपतो. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत बहुसंख्य कपडे शिवणाऱ्या मुली व स्त्रिया होत्या. इमारतीला भेगा पडल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते. खालच्या मजल्यावरील बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना येऊ नका असे सांगितले. वरच्या मजल्यांवरील शिवणकारखान्यांनी मात्र कामगारांना आत बोलावले. पगार कापला जाईल या भीतीने त्या आत गेल्या. धोका त्यांनाही दिसत होता, पण त्यांच्या वतीने मालकाशी बोलणारी संघटना त्या कारखान्यांत नव्हती.

लाभाची बाजू : लोखंडे ते प्रसूतिरजा

आपल्याकडे या चळवळीचा आरंभ मराठी माणसानेच केला, ही गोष्ट आपल्या मुलांना क्वचितच सांगितली जाते. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. त्यातील मागण्या आज वाचताना संकोच वाटावा इतक्या साध्या होत्या : आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, आणि यंत्रात सापडून जायबंदी झालेल्यास भरपाई. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी दवाखाना बंद ठेवतो, त्यामागे हा इतिहास आहे. पुढे १८९७ साली मुंबईतील प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करीत असतानाच लोखंडे यांचे त्या रोगाने निधन झाले. डॉक्टरांच्या स्मरणिकेत त्यांचे नाव यावे, याला हेही एक कारण आहे.

बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने त्या काळातील कायद्यांकडे पाहणे उद्बोधक आहे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. म्हणजे त्यापूर्वी तेवढी मुलेही कामावर असत. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास राबवण्यास मात्र मुभा होती. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले आणि आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. १९२२ मध्ये ते बारा झाले आणि १९४८ च्या कायद्याने चौदा झाले. हे सर्व श्रेय संघटनांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. पहिल्या कायद्यामागे भारतीय गिरण्यांच्या स्पर्धेला भ्यालेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचाही दबाव होता. परंतु कायदा कागदावर येणे आणि तो गिरणीच्या फाटकाच्या आत पाळला जाणे यांत अंतर असते, आणि ते अंतर तोडण्याचे काम मुख्यतः संघटित कामगारांनीच केले.

दुसरे उदाहरण बाळंतिणींचे. नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली केंद्रीय विधिमंडळात प्रसूती-साहाय्याचे विधेयक आणले. ते नामंजूर झाले. पुढे मुंबई प्रांताच्या विधिमंडळात असेच विधेयक आले, तेव्हा १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे जोरदार समर्थन केले. प्रसूतीच्या आधी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला, आणि आपल्या देशातील या प्रकारचा तो पहिला कायदा होय. २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा २६ आठवड्यांची झाली. सहा महिने निव्वळ स्तनपान द्या, असे आपण प्रत्येक मातेला सांगतो. २६ आठवडे म्हणजे नेमके तेवढेच सहा महिने. हा सल्ला कामकरी स्त्रीला पाळता यावा यासाठी सुमारे नव्वद वर्षांची मागणी खर्ची पडली आहे.

सीमेपलीकडचे गवत

संघटना म्हटली की कारखान्याची चिमणी डोळ्यांसमोर येते. पण आपल्या परिसराला सर्वांत जवळचे उदाहरण कारखान्याचे नाही. गवत कापणाऱ्यांचे आहे. आपल्या सीमेला लागून असलेल्या तलासरी, डहाणू, उंबरगाव या भागांत १९४५ पर्यंत वेठबिगार चालू होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवराबायकोने जन्मभर राबायचे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. त्याची मुलेही त्याच वाड्यावर राबत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर या दांपत्याच्या नेतृत्वाखाली किसान सभेने तेथे वेठ न करण्याचा निश्चय जाहीर केला. त्यानंतर गवताच्या हंगामात संप झाला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी द्यावी, ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाचजण मृत्युमुखी पडले. तरीही संप मोडला नाही. पुढल्या वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठी, दिवसाला सव्वा रुपया मिळावा म्हणून, तसाच लढा झाला.

या लढ्याचे फळ केवळ अडीच रुपयांचे नव्हते. आपण मागू शकतो आणि मागितलेले मिळू शकते, हे त्या माणसांना प्रथमच समजले. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच्या शीर्षकातच या बदलाचे वर्णन आहे. दुधनीचा तो बाप त्याच समाजातला. त्याच्या आजोबांच्या पिढीने सीमेपलीकडे जे कमावले, ते नातवाला कारखान्याच्या फाटकात पुन्हा गमवावे लागले, असे मला वाटल्यावाचून राहिले नाही.

दुष्परिणाम

औषधाचे गुण सांगून दुष्परिणाम दडवणारा डॉक्टर प्रामाणिक नव्हे. संघटनांचे दोषही तितक्याच स्पष्टपणे मांडले पाहिजेत. मला ते चार दिसतात.

पहिला दोष असा, की संघटना आपल्या सभासदांची असते. सर्वांची असतेच असे नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचा पगार इतर बहुतेक खात्यांपेक्षा अधिक असे. त्या खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातून तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या कल्पनेमुळे इतर कामगारांना ते चालत नसे. (एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागणे हे क्षयरोगाच्या दृष्टीने किती धोक्याचे होते, याची भीती कोणाला नव्हती; भीती होती ती जातीची.) १९२८ च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी नेत्यांपुढे हाच प्रश्न ठेवला : कामगारांच्या एकजुटीत हे कामगार बसतात की नाही? मालकाविरुद्ध एक होणारे कामगार आपल्यातल्याच दुबळ्यांना दाराबाहेर ठेवू शकतात, हा धडा आजही लागू आहे. आज तो जातीइतकाच 'कायम' आणि 'ठेक्याचा' या भेदात दिसतो. एकाच छपराखाली कायम कामगारांची संघटना पगारवाढीचा करार करते, आणि त्याची भरपाई म्हणून नव्या जागा ठेकेदारामार्फत भरल्या जातात, असे अनेक ठिकाणी घडले आहे.

दुसरा दोष नेतृत्वाचा. संघटना एका माणसाभोवती उभी राहिली की त्याची चूक सर्वांना भोगावी लागते. मुंबईच्या गिरणी संपाचे नेते दत्ता सामंत हे आपल्यासारखेच डॉक्टर होते. एम.बी.बी.एस. झाल्यावर घाटकोपरला व्यवसाय करताना दगडखाणीतील मजूर रुग्ण म्हणून त्यांच्याकडे येत. त्यांचे हाल पाहून ते या कामात ओढले गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांची तक्रार खोटी नव्हती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला प्रातिनिधिक मान्यता मिळाली होती. तिच्यावर विश्वास राहिला नाही तरी कामगारांना आपली संघटना बदलणे जवळजवळ अशक्य होते. बदली कामगार वर्षानुवर्षे बदलीच राहत. असंतोष साचला होता, आणि डॉक्टरसाहेबांनी इतर कारखान्यांत मोठ्या पगारवाढी मिळवून दिल्याचे सर्वांनी पाहिले होते.

परंतु इतर कारखाने आणि कापडगिरण्या यांची प्रकृती वेगळी होती. गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर स्वस्तात विणून मिळत होते, आणि गिरण्यांखालची जमीन कापडापेक्षा मोलाची होऊ लागली होती. काही मालकांना संप लांबला तर हवाच होता. सरकारही नमले नाही. एका नामांकित औषधाने दहा रुग्ण बरे झाले म्हणून अकराव्या रुग्णाला, त्याची तपासणी न करता, तेच औषध त्याच मात्रेत द्यावे, तसे हे झाले. संप कधी औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. लाखाहून अधिक कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही. कुटुंबे कोकणात, घाटावर परतली. भांडी आणि दागिने विकले गेले. मुलांच्या शाळा सुटल्या. स्वतः डॉ. सामंत १९८४ साली लोकसभेवर निवडून गेले आणि १६ जानेवारी १९९७ रोजी मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या तळमळीविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. पण परत फिरण्याची वाट न ठेवता सुरू केलेल्या लढ्याची किंमत नेत्याबरोबर मुलांनाही द्यावी लागते, हे विसरून चालणार नाही.

तिसरा दोष मी स्वतः अनुभवला आहे. किंबहुना त्यात मीही वाटेकरी आहे. नव्वदच्या दशकात मुंबईच्या एका रुग्णालयात मी निवासी डॉक्टर होतो. छत्तीस-छत्तीस तासांची ड्युटी, तुटपुंजे विद्यावेतन आणि ढेकणांनी भरलेल्या खोल्या यांविरुद्ध आम्ही संप केला. तातडीची सेवा चालू होती. बाह्यरुग्ण विभाग बंद होता. मी फाटकाशी बसलो असताना एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन आली. मुलाला जुलाब होत होते, पण ते तेव्हा फारसे सुकलेले दिसत नव्हते. 'तातडीचे' या व्याख्येत ते बसत नाही असे ठरवून मी तिला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे ते सांगितले आणि दुसरीकडे जायला सांगितले. ती कोठे गेली, मुलाचे पुढे काय झाले, हे मला कळले नाही. आमचे विद्यावेतन वाढले, ड्युटीचे तास थोडे कमी झाले, आणि थकलेल्या डॉक्टरच्या हातून होणाऱ्या चुकाही कमी झाल्या असतील. त्या मागण्या रास्त होत्या असे मी आजही म्हणेन. परंतु त्या वाटाघाटीत सरकारची खुर्ची होती, आमची खुर्ची होती. त्या बाईची खुर्ची नव्हती. रुग्णालय, पाणीपुरवठा, वाहतूक अशा सेवांतील संपाचा फटका ज्याला बसतो, तो बहुधा वाटाघाटीबाहेरचा आणि गरीबच असतो.

चौथा दोष म्हणजे संघटनेच्या नावाखाली चालणारा धंदा. कामगारांची मागणी पुढे करून मालकाकडून पैसे घ्यायचे आणि ती मागे घ्यायची, असे प्रकार होतात. माथाडींच्या नावाने खंडणी मागितली जात असल्याच्या तक्रारी पुणे-चाकण भागातील उद्योजक अनेक वर्षे करीत आले आहेत. खरी संघटना यामुळे दुहेरी बदनाम होते.

एक वेगळी मात्रा

दोष पाहिल्यावर औषधच टाकून द्यावे का? मला तसे वाटत नाही, कारण योग्य मात्रेत ते लागू पडल्याचे उदाहरणही शेजारच्या महाराष्ट्रात आहे, आणि तेही एका डॉक्टरचे. पुण्याचे डॉ. बाबा आढाव हे आयुर्वेदाचे पदवीधर. नाना पेठेत त्यांचा दवाखाना होता. पाठीवर शंभर किलोंचे पोते वाहणारे हमाल त्यांच्याकडे पाठदुखी घेऊन येत. लेपाने ती पाठ बरी होणार नाही, पोते हलके व्हायला हवे, हे त्यांनी ओळखले. १९५५ साली त्यांनी हमाल पंचायत स्थापन केली. पोत्याचे वजन पन्नास किलोंवर यावे, हमालांना घरे मिळावीत, यासाठी ते झगडले. संस्थेने चालवलेल्या 'कष्टाची भाकर' या केंद्रांतून स्वस्त आणि सकस जेवण मिळू लागले.

मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले. या दोन्ही प्रयत्नांतून १९६९ चा माथाडी कायदा आला. हमालाला एक मालक नसतो. सकाळी तो एका व्यापाऱ्याचे ओझे वाहतो, दुपारी दुसऱ्याचे. मग भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा, रजा कोणी द्यायची? कायद्याने यासाठी मंडळ नेमले. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतात. मंडळ हमालाला मजुरी देते आणि लेव्हीतून निधी, उपदान, औषधोपचार यांची सोय करते. ठेकेदार बदलला, व्यापारी बदलला, तरी हमालाची नोंद तीच राहते. दुधनीच्या बापाची अडचण नेमकी हीच होती. सहा वर्षे काम करूनही त्याची नोंद कोठेच नव्हती.

आपला परिसर

१९५४ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगीज अंमलातून मुक्त झालेला आपला प्रदेश १९६१ साली भारतात विधिवत सामील झाला. ऐंशीच्या दशकापासून करसवलतींमुळे कारखाने वेगाने आले. मसाट, खडोली, राखोली, सामरवरणी, नरोली येथे भाताच्या खाचरांच्या जागी शेड उभ्या राहिल्या. दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या २००१ साली सुमारे २ लाख २० हजार होती, ती २०११ मध्ये ३ लाख ४३ हजारांवर गेली. याच दहा वर्षांत आदिवासींचे प्रमाण ६२ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आले. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया केवळ ७७४ राहिल्या. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून एकटे पुरुष मोठ्या संख्येने कामाला आले, हे या आकड्यांत दिसते.

अशा ठिकाणी संघटना उभी राहणे कठीण असते. स्थानिक कामगाराला संध्याकाळी घरी, शेतावर परतायचे असते. परप्रांतीयाला दोन वर्षांत पैसे जमवून गावी जायचे असते. दोघांची भाषा वेगळी, आणि एकाने मागणी केली की दुसऱ्याला त्याच्या जागी बसवता येते. दिवंगत खासदार मोहनभाई डेलकर यांनी आपल्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ कारखान्यांतील आदिवासी कामगारांचे प्रश्न घेऊनच केला होता. १९८५ साली त्यांनी आदिवासी विकास संघटना स्थापन केली आणि १९८९ मध्ये ते लोकसभेत गेले. संघटनेतून समाजाला आवाज मिळतो, याचे हे उदाहरण आहे. पण दिल्लीत आवाज पोहोचला तरी प्रत्येक फाटकाशी रोज बोलणारे कोणीतरी लागतेच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४८ चा फॅक्टरी कायदा यांसह जुने अनेक कायदे त्यांत विलीन झाले. त्यांतील काही तरतुदी कामगारांच्या उपयोगाच्या आहेत : प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे, आणि ५१ टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद आहेत तिला वाटाघाटीचा अधिकार मिळतो. काही तरतुदींनी संघटनांचे हात बांधले, अशी टीका आहे : संपापूर्वी किमान चौदा दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांना लागू झाली, निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजाही संपच मानली जाते, आणि कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट शंभराऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांपुरती उरली. या संहितांचे मूल्यमापन काळच करील. दुधनीच्या बापाच्या हातात नियुक्तिपत्र पडते की नाही, एवढी एक कसोटी मी माझ्यापुरती ठरवली आहे.

आपली लेखणी

शेवटी आपल्या व्यवसायाविषयी. संघटना बांधणे हे आपले काम नव्हे. प्रत्येक डॉक्टरने आढाव किंवा सामंत व्हावे अशी अपेक्षा नाही. पण मालक आणि कामगार यांच्या मध्ये एक कागद असा असतो, जो फक्त आपणच लिहितो. तो म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र.

या कागदावर दोन्ही बाजूंनी दबाव येतो. यंत्रात बोट गेलेल्या तरुणाला घेऊन आलेला पर्यवेक्षक हळूच म्हणतो, "डॉक्टर, घरी पडला असे लिहा." दुसरीकडे, सामूहिक रजेच्या आदल्या संध्याकाळी धडधाकट चाळीसजण तापाचे प्रमाणपत्र मागायला येतात. पहिल्याला होकार दिला तर एका कुटुंबाची भरपाई बुडते. दुसऱ्याला होकार दिला तर खऱ्या आजारी माणसाच्या प्रमाणपत्राची किंमत जाते, आणि उद्या दुधनीहून आलेल्या बापाच्या कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही. दोन्ही वेळा नकार देणे हेच कामगारांच्या हिताचे आहे.

माझी आपल्या संस्थेला एक विनंती आहे. कामाच्या ठिकाणी झालेल्या इजांची नोंद आपण सर्वांनी एकाच पद्धतीने ठेवावी : इजा कोठे, केव्हा आणि कोणते काम करताना झाली, हे रुग्णाच्याच शब्दांत लिहावे. तसेच मूल दाखल असताना आईबापाची उपस्थिती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे, असे छापील पत्र सर्व सभासदांनी एकाच नमुन्यात द्यावे. एका डॉक्टरचे पत्र मुकादम बाजूला सारू शकतो. पन्नास डॉक्टरांचे एकसारखे पत्र बाजूला सारणे त्याला जड जाईल. वाचकांच्या लक्षात आले असेलच की हेही संघटनेचेच तत्त्व आहे, आणि आपली ही संस्थाही त्याच तत्त्वावर उभी आहे.

असे पत्र तेव्हा असते तर त्या बापाचे नाव एकट्याचे म्हणून उठून दिसले नसते, आणि कदाचित त्याने ते लिहू दिले असते.